जिस्पाहून मागे फिरलेला तंबू

मित्रांनो, बुऱ्हाणपुरात सुधाकरभाऊंच्या घरी जिन्याखाली एक हिरवं गाठोडं ठेवलेलं आहे. येणारे-जाणारे त्याला जुनी गादी समजतात. ती गादी नाही, तो मी आहे. मी तंबू आहे. माझा रंग उडाला आहे, एका कडेला ठिगळ आहे आणि माझ्या दोऱ्यांना अजून धुराचा वास येतो. मी वाळवंट पाहिलं, बर्फाचे डोंगर पाहिले. असं आयुष्य मिळालेल्या तंबूने खरं तर छाती फुगवून बोलावं. पण मला माझी गोष्ट सांगताना खाली बघावंसं वाटतं. का, ते ऐका.

माझा जन्म कडू ताडपत्रीवाल्याच्या दुकानात झाला. केळीच्या ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणं हा कडूचा धंदा. निंबोल्यापासून तुकईथडपर्यंतचे ट्रकवाले त्याच्याकडे यायचे. तंबू मात्र त्याने आधी कधी शिवला नव्हता. सुधाकरभाऊ कापड घेऊन दुकानात शिरले तेव्हा त्याला वाटलं, शाळेच्या सहलीचं काम असेल.

"मी एकटाच झोपणार याच्यात," सुधाकरभाऊ म्हणाले. "राजस्थानातून लडाख. मोटारसायकलवर."

कडूने मशीन थांबवली. "वहिनीले सांगितलं का?" एवढंच त्याने विचारलं.

वहिनींना सांगितलेलं होतं. सुधाकरभाऊंचे वडील महाराष्ट्रातून कागदाच्या कारखान्यात कामाला आले आणि इकडचेच झाले. सुधाकरभाऊही त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागले. भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं. सुट्टी मिळाली तर भुसावळला बहिणीकडे, एवढाच त्यांचा प्रवास. निवृत्त झाल्यावर त्यांनी विमलवहिनींना सांगितलं, की एकदा तरी एकट्याने लांब जाऊन यायचं आहे. दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "जा, पण रोज फोन करा."

कडूने मला मजबूत शिवलं. वाऱ्याने फाटू नये म्हणून खालची कड दुमडून जाड केली आणि खुंट्यांसाठी तिला कड्या लावल्या. चष्मा, किल्ल्या ठेवायला आत एक खिसा हवा, हे सुधाकरभाऊंना शेवटी आठवलं. तोवर कडूकडे केळीच्या हंगामाची गर्दी झाली होती. मग तो खिसा विमलवहिनींनी घरच्या मशीनवर शिवला, अगदी माझ्या खालच्या कडेला लागून.

पहिल्यांदा मला उभं केलं ते तापीच्या काठी, जैनाबादच्या बाजूला. शेळ्या येऊन मला हुंगून गेल्या. सुधाकरभाऊ आत आडवे झाले, पुन्हा बाहेर आले, लांब जाऊन माझ्याकडे बघू लागले. एखादा माणूस आपल्याकडे इतक्या कौतुकाने बघतो तेव्हा कसं वाटतं, ते तुम्हाला ठाऊक असेल.

गणपती विसर्जन झालं आणि आम्ही निघालो. शनवारा दरवाज्याजवळ कारखान्यातले जुने सोबती हार घेऊन उभे होते. त्यांनी मोटारसायकलला हार घातला, भाऊंना घातला, एकाने मला पण घातला. भाऊ लाजत होते आणि खूशही होते. त्यांच्या बोटात सोन्याची अंगठी होती. निवृत्तीच्या दिवशी विमलवहिनींनी आपल्या कानातली फुलं मोडून ती करवली होती. वहिनींच्या कानात तेव्हापासून साधे खडे होते.

पुढचे दिवस फार चांगले गेले. अरवलीच्या डोंगरात एका तळ्याकाठी आम्ही मुक्काम केला. पहाटे माझ्यावर दव पडायचं आणि भाऊ ते हाताने पुसून मला वाळवायचे. वाटेत लोक थांबवून विचारायचे, चहा पाजायचे. दिवसभर हँडल धरून भाऊंची बोटं सुजत, म्हणून रोज संध्याकाळी ते अंगठी काढून माझ्या खिशात ठेवत आणि सकाळी पुन्हा घालत. फोनवर ते वहिनींना म्हणायचे, "लोक फार चांगले आहेत गं. आणि मला तर माणूस पाहिल्याबरोबर कळतो." ही त्यांची जुनी सवय. कारखान्यातही ते असंच म्हणायचे.

जैसलमेरच्या पुढे एका आडवाटेवर आमची गाडी रेतीत रुतली. ऊन तापलं होतं आणि भाऊंना दम लागला होता. तेव्हा एक उंच माणूस चालत आला. डोक्याला केशरी साफा, पांढऱ्या मिशा, वय भाऊंच्याच आसपास. त्याने चाकाखाली झुडपं अंथरली आणि मागून जोर लावला. गाडी निघाली. त्याचं नाव खेताराम. जवळच्या सडकेवर एक ढाबा होता, तिथे तो पाणी भरणं, भांडी घासणं, राखण करणं, अशी कामं करायचा. त्याने आम्हाला ढाब्यामागे खेजडीच्या झाडाखाली जागा दाखवली. रेतीत माझ्या खुंट्या टिकत नव्हत्या. खेतारामने पोत्यांत रेती भरून माझ्या दोऱ्या त्यांना बांधल्या. मग दोघांनी बसून बाजरीची भाकरी खाल्ली. भाऊंनी त्याला बुऱ्हाणपूरच्या जिलेबीबद्दल सांगितलं, त्याने आपल्या बकऱ्यांबद्दल. अंधार पडायच्या आधी खेतारामने पाण्याची सुरई आणून माझ्या आत ठेवली आणि तो निघून गेला.

सकाळी भाऊंनी खिशात हात घातला. अंगठी नव्हती.

मित्रांनो, ती कुठे होती हे मला माहीत होतं. गाडीवर रोज हादरे बसून खिशाचा खालचा टाका उसवला होता. रात्री वारा सुटला, मी हललो आणि अंगठी त्या फटीतून माझ्या दुमडलेल्या कडेत उतरली. वाऱ्याने कडेत रेतीही भरली होती. त्या रेतीत ती रुतून बसली. भाऊंनी खिसा उलटा केला, अंथरूण झटकलं, सामान उपसलं. कडेला मात्र त्यांनी हात लावला नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

भाऊ ढाब्यावर गेले. आधी त्यांनी खेतारामला बाजूला घेऊन हळू विचारलं. तो म्हणाला, पाणी ठेवलं आणि निघालो, अंगठी पाहिलीही नाही. भाऊंचा आवाज चढला. "तंबूत तुझ्याशिवाय कोणी आलंच नाही," हे ते हिंदीत पुन्हा पुन्हा म्हणू लागले. खाटांवर चहा पिणारे ट्रकवाले उठून आले. ढाबामालक आला. गिऱ्हाइकांसमोर आपली शोभा नको म्हणून त्याने खेतारामला खिसे उलटे करायला लावले. खेतारामने केले. त्यात विडीची थोटकं होती आणि एक दोरीचा तुकडा होता. मालक म्हणाला, काही नाही साब.

इथे थांबता आलं असतं. पण सुधाकरभाऊ म्हणाले, "साफे में भी देख लो."

खेताराम त्यांच्याकडे बघत राहिला. मालक पुढे सरकला तसा त्याने हात वर करून त्याला अडवलं आणि आपला साफा आपणच उतरवला. वेढा वेढा सोडवला, दोन्ही हातांनी झटकला. ते लांबच लांब केशरी कापड धुळीत पडलं. त्यातून काहीही निघालं नाही. त्याचं डोकं उघडं झालं. डोक्यावर थोडे पांढरे केस होते आणि कपाळावर जिथे रोज साफा बसायचा तिथे फिकट पट्टा उमटलेला होता. कुणीतरी हसलं. मालकाने त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. खेतारामने कापड गोळा केलं, डोक्याला बांधलं नाही, बगलेत धरलं आणि तो रेतीतून चालत गेला.

भाऊंनी मला उतरवलं, गुंडाळलं, गाडीला बांधलं. खेजडीखाली ती रेतीची पोती तशीच पडून राहिली.

त्या दिवशी फोनवर त्यांनी वहिनींना अंगठी चोरीला गेल्याचं सांगितलं. वहिनींनी विचारलं, "जाऊ द्या अंगठी. तुम्ही कुणाला काही बोलले तर नाही ना?"

भाऊ म्हणाले, "नाही."

त्यानंतरचा प्रवास मला नीट आठवतही नाही. बिकानेर गेलं, पंजाबची हिरवी शेतं गेली. कुणी चहा विचारला तर भाऊ मान हलवून पुढे जायचे. सामानाला साखळी लावायचे. मला वस्तीपासून लांब उभं करायचे. पोट भरायचं, पण चेहऱ्यावरचा तो जैनाबादचा आनंद राहिला नाही. मीही रोज ती अंगठी घेऊन त्यांच्या मागे बसायचो.

मनाली मागे पडलं, लांब बोगदा ओलांडला आणि आम्ही थंड, उघड्या डोंगरांच्या मुलखात आलो. भागा नदीच्या काठी जिस्पा नावाचं छोटं गाव आहे. समोर बर्फाची शिखरं होती. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, पुढचा घाट खुला आहे, हवा स्वच्छ आहे, उद्या सकाळी निघालात तर परवा लेहला जेवाल. भाऊंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी थोडं हसू आलं. त्यांनी दुपारीच मला नदीकाठी उभं करायला घेतलं. जमीन दगडाची होती. खुंटी शिरेना, म्हणून त्यांनी माझी कड ताणून तिच्यावर मोठा दगड ठेवला. तेवढ्यात नदीवरून वारा आला, मला जोराचा हिसका बसला आणि दगडाच्या धारेने माझी कड फाटली.

आधी रेती गळली. राजस्थानातली ती पिवळी, बारीक रेती त्या काळ्या दगडांवर सांडली. तिच्यामागून अंगठी आली आणि दगडावर पडून घरंगळली.

भाऊंनी ती उचलली. बोटात घातली नाही. मला अर्धवट तसंच सोडून ते दगडावर बसले. एक हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता, जणू तिथे काही आहे का ते चाचपत होते. ऊन डोंगरावरून सरकलं तरी ते उठले नाहीत. फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निळंभोर होतं. टपरीवाल्याने लेहच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. सुधाकरभाऊंनी गाडी वळवली आणि उलट्या दिशेला काढली. टपरीवाला मागून हाका मारत राहिला, त्याला वाटलं पाहुणा रस्ता चुकला.

ढाब्यावर पोहोचलो तेव्हा मालकाने भाऊंना ओळखलंच नाही. ओळख पटल्यावर, भाऊंच्या हातातली अंगठी बघून म्हणाला, मिळाली ना अंगठी, झालं तर मग, बसा, चहा घ्या. भाऊ बसले नाहीत. खेतारामचं घर विचारून घेतलं आणि आम्ही रेतीच्या वाटेने त्याच्या ढाणीवर गेलो. ढाणी म्हणजे शेतातली दोन-तीन झोपड्यांची वस्ती. कुंपणाशी त्याची बायको उभी होती. भाऊंना बघताच तिने पदर पुढे ओढला आणि ती आत गेली. त्या मुलखात शत्रूलाही आधी पाणी विचारतात. आम्हाला कुणी विचारलं नाही.

खेताराम बाजेची दोरी आवळत होता. डोकं उघडंच होतं. भाऊंनी हात जोडले. बोलायचं ठरवून आलेलं सगळं ते विसरले होते. शेवटी त्यांनी तळहातावर अंगठी ठेवून दाखवली आणि म्हणाले, "मेरे ही तंबू में थी."

खेतारामने कुठे होती असं विचारलं. भाऊंनी मला सोडवून त्याच्यासमोर पसरलं आणि फाटलेली कड दाखवली. खेतारामने त्या कडेवरून बोट फिरवलं. आत राहिलेली थोडी रेती त्याने चिमटीत घेतली आणि खाली सोडली. मित्रांनो, त्या बोटाखाली मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

भाऊ माफी मागत होते. खेतारामने त्यांना थांबवलं. "यहाँ किसलिए बोल रहे हो? यहाँ तो सबको मालूम था कि मैंने नहीं ली. जहाँ बोला था, वहाँ बोलो."

मग ते दोघे ढाब्यावर गेले. खेताराम मागे बसला नाही. तो चालत पुढे, भाऊ गाडी ढकलत त्याच्या मागे. जेवणाची वेळ होती, खाटा भरलेल्या होत्या. त्या दिवशीचा ट्रकवाला त्यांत एखादाच असेल. भाऊ मधोमध उभे राहिले. कारखान्यात युनियनच्या सभेतही ते कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, "मैं बुऱ्हानपूर से आया हूँ. इसी जगह मैंने इनको चोर कहा. इनका साफा मैंने उतरवाया. अंगूठी मेरे ही सामान में थी. चोरी हुई ही नहीं. गलती पूरी मेरी है."

काही जण जेवत राहिले. एकाने विचारलं, कुणाबद्दल चाललंय? तेव्हा भाऊंनी खेतारामकडे हात केला. सगळ्यांनी वळून बघितलं. खेताराम ताठ उभा होता. मालक घाईघाईने म्हणाला, उद्यापासून कामावर ये, साफा बांध, झालं गेलं विसर. खेतारामने मान हलवली. तो काम करायला परत येणार नव्हता. भाऊंनी आशेने त्याच्याकडे बघितलं, पण त्याने माफ केलं असं काही म्हटलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "आगे पानी कम मिलेगा. भर लो."

बुऱ्हाणपुरात सोबत्यांनी पुन्हा हार आणले होते. भाऊंनी ते घालून घेतले नाहीत. लडाखला पोहोचलो नाही, मधूनच परत फिरलो, असं त्यांनी सांगून टाकलं. लोकांना वाटलं, म्हातारा घाटाला घाबरला. काही जण तोंडावर हसले. भाऊंनी कुणाला काही समजावलं नाही.

घरी मात्र त्यांनी विमलवहिनींना सगळं सांगितलं, फोनवरचं खोटंसुद्धा. वहिनी माझी फाटलेली कड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांनी खिशाचा उसवलेला टाका शोधून काढला. "हा खिसा तर मी शिवला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांनी परत बांधला का साफा?"

"नाही."

वहिनींनी मला ठिगळ लावलं. अंगठी कपाटात ठेवली, ती कुणी घातली नाही. दिवाळी गेली. घरात दोघं फारसं बोलत नव्हती. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "मला घेऊन चला तिकडे."

थंडीत आम्ही पुन्हा निघालो, या वेळी मागच्या सीटवर वहिनी. गुडघे धरायचे, कंबर दुखायची, पण त्यांनी कुठे कुरकुर केली नाही. ढाणीवर खेतारामने आम्हाला बघितलं आणि कुंपणाबाहेरच्या एका जागेकडे बोट केलं. तिथे मला उभं केलं. कुंपणाच्या आत घर, बाहेर मी. संध्याकाळी वहिनी एकट्याच आत गेल्या. खेतारामची बायको चुलीपुढे होती. वहिनींचं हिंदी बुऱ्हाणपूरचं, तिची बोली मारवाडी. तरी वहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बहन, तंबू की जेब मैंने सिली थी. टाका कच्चा रह गया." ती बाई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग उठली आणि तिने वहिनींच्या पुढे पाण्याचा लोटा ठेवला. थोड्या वेळाने दुसरा लोटा भरून तिने कुंपणाबाहेर भाऊंना पाठवला. भाऊ तो दोन्ही हातांत धरून बसले, प्यायलाच विसरले.

निघायच्या दिवशी खेताराम माझ्याजवळ आला. दोऱ्या सोडायला त्याने हात लावला. त्याचं डोकं अजून उघडं होतं. "फागुन में बेटी की शादी है," तो म्हणाला. "साफा उस दिन बाँधूँगा. आप दोनों आना." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तंबू मत लाना."

भाऊंना आधी कळलं नाही. वहिनींना कळलं, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पाहुण्यांनी घरात उतरायचं होतं.

म्हणून फाल्गुनात ती दोघं रेल्वेने गेली आणि मी इथे जिन्याखाली राहिलो. एरवी असं मागे ठेवलं की तंबूला वाईट वाटतं. मला वाटलं नाही. लग्नाहून आल्यावर वहिनी शेजारणीला सांगत होत्या ते मी ऐकलं. खेतारामने साफा बांधला, नवा, लाल. मांडवात सगळ्या पाहुण्यांना साफे बांधत होते, तशी भाऊंचीही पाळी आली, आणि त्यांना साफा बांधायला खेताराम स्वतः उठला. "त्यांनी दोनदा सांगितलं, सिर ऊपर करो साब," वहिनी म्हणाल्या. "पण यांची मानच वर होईना."

मित्रांनो, तुमची एखादी वस्तू हरवली तर आधी आपलंच दप्तर उलटं करा, शिवणीसुद्धा बघा. आणि कुणाला उगाच बोलला असाल, तर जिथे बोललात तिथे परत जा, मग तुम्ही कितीही लांब आलेले असा. नंतर मान वर व्हायला वेळ लागतो, हे मी पाहिलं आहे.

आता ऊन गच्चीवर आलं आहे. विमलवहिनी मला वाळवायला वर नेतील आणि माझ्या सगळ्या कडांवरून एकदा बोट फिरवतील. दर महिन्याला फिरवतात.